अवघड विषयाचे मार्क



आपल्याकडे निकाल लागला, की घरात, गल्लीत, एसटीच्या थांब्यावर पहिला प्रश्न एकच असतो, 'किती पडले?' टक्के सांगितले की समोरचा खूश होतो, नाहीतर चुकचुकतो आणि आपल्या वाटेला लागतो. विषय कोणते होते, त्यात गणित होतं की नव्हतं, पेपर सोपा होता की घाम फोडणारा, हे सहसा कुणी विचारत नाही. शंभरातले नव्वद ते नव्वदच. आज मी बोलणार आहे ते या नव्वदांच्या मागे उभ्या असलेल्या विषयाबद्दल. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाताना, अवघड विषय घेतलेल्या मुलाला त्याचा फायदा होतो की तोटा?

तुम्ही म्हणाल, हा कविता करणारा माणूस, शिक्षण बी.ए., याचा आणि प्रवेशाच्या गणिताचा काय संबंध? संबंध घरातूनच आला. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाई म्हणतो, १९९८ पासून कॅलिफोर्नियात असतात. आमचं मूळ गाव खेड तालुक्यातलं. गावातली बरीचशी घरं आखातातल्या पगारावर उभी राहिली. आमचे भाई तेवढे संगणकामुळे उलट्या दिशेला गेले. त्यांची धाकटी मुलगी २०२३ मध्ये तिथल्या शाळेतून बाहेर पडली आणि घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दाखल झाली. तिला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं.

भाईंना सुरुवातीला हे जरा कमीपणाचं वाटलं. फोनवर म्हणाले, "लोकांची मुलं थेट विद्यापीठात जातात, आमची गल्लीतल्या कॉलेजात." पण त्या 'गल्लीतल्या कॉलेजा'ची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

१९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. मास्टर प्लॅन या नावानं तो ओळखला जातो. क्लार्क कर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि आराखड्यामागचं मुख्य डोकं त्यांचंच. योजना अशी, की शाळेतून वरच्या साडेबारा टक्क्यांत येणाऱ्या मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांश मुलांसाठी राज्य विद्यापीठ, आणि ज्याला ज्याला शिकायचं आहे त्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. तिथं दाखल व्हायला टक्केवारीची अट नाही. पण महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं नीट अभ्यास केलेल्या मुलाला विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता यावं, म्हणून तिथं त्याच्यासाठी जागा असाव्यात, हेही त्याच आराखड्यात ठरलं. अठराव्या वर्षी मागे राहिलेल्याला विसाव्या वर्षी पुन्हा एक दार. याच प्रवेशाला तिकडे ट्रान्स्फर म्हणतात.

आज त्या राज्यात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांत वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर शुल्क पडतं. युनिट म्हणजे आपल्याकडे आता ज्याला क्रेडिट म्हणतात ते. वर्षाला तीस युनिट धरले तर १,३८० डॉलर झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं शिक्षणशुल्क वर्षाला १४ हजार डॉलरच्या वर आहे. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. म्हणजे पहिली दोन वर्षं घरी राहून शिकणं हा कमीपणा नसून शहाणपणाचा व्यवहार आहे, हे भाईंना पुढे पटलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०२४ च्या जूनअखेरीस सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं होतं. त्या सुमारास मी भाईंकडे राहायला होतो. पुतणीचं एक वर्ष पुरं झालेलं. तीस युनिट, आणि सगळ्या विषयांत ए ग्रेड. तिकडे ए म्हणजे चार गुण, बी म्हणजे तीन, सी म्हणजे दोन. प्रत्येक विषयाचे गुण त्याच्या युनिटनं गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण युनिटनी भागायचं. येणारा आकडा म्हणजे जीपीए. पुतणीचा जीपीए चारपैकी चार होता.

पुढच्या सत्रासाठी विषय निवडायचे होते, आणि घरात दोन पक्ष पडले. समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं होतं, तिसरं कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचा दुसरा भाग आताच घे. दोन्ही पाच-पाच युनिटचे आणि दोन्ही कॉलेजात भल्याभल्यांना रडवणारे. भाईंचं म्हणणं वेगळं. "आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण चार आलेत. नोव्हेंबरअखेरीला अर्ज जाणार. हे एक सत्र सोपे विषय घेऊन काढ, सिनेमाचा इतिहास घे, आरोग्यशिक्षण घे. चारला धक्का लावू नकोस." भाभी गप्प होत्या. पुतणी माझ्याकडे वळून म्हणाली, "चाचा, तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? पण कवी माणसाला शब्द नीट वाचायची सवय असते. मी म्हटलं, "विद्यापीठानं काय लिहिलंय ते आपण दोघं बसून वाचू." तीन संध्याकाळ आम्ही ते वाचत होतो. त्यातून जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट ऐकून भाईंचा चेहरा खुलला. विषय अवघड होता म्हणून ट्रान्स्फरच्या जीपीएत जादा गुण मिळत नाहीत. शाळेतून थेट येणाऱ्या मुलांना तशी सवलत आहे. शाळेत वरच्या दर्जाचा विषय घेतला, तर ठराविक मर्यादेपर्यंत कॅलिफोर्निया विद्यापीठ त्याच्या ए ला चारऐवजी पाच गुण धरतं. कम्युनिटी कॉलेजच्या मुलाला हे लागू नाही. भौतिकशास्त्रातला बी हा तीन, आणि सिनेमाच्या इतिहासातला ए हा चार. हिशेब सरळ आहे.

पण दुसरी गोष्ट वाचली आणि पारडं फिरलं. विद्यापीठ नुसता आकडा बघत नाही. ज्या शाखेत जायचं आहे तिच्या तयारीचे विषय मुलानं पुरे केले आहेत का, हे बघतं. अभियांत्रिकीला कॅल्क्युलसची मालिका, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र. रसायनशास्त्राला जायचं तर ऑरगॅनिक केमिस्ट्री. इतिहास किंवा इंग्रजी साहित्याला अशा सक्तीच्या विषयांची यादी बरीच आखूड असते. कुठल्या कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठातल्या कुठल्या विषयाच्या तोडीचा मानला जातो, याची तक्ते लावलेली यादी 'असिस्ट' नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. आपलं कॉलेज निवडा, हवं ते विद्यापीठ निवडा, शाखा निवडा. डावीकडे एक विषय, उजवीकडे दुसरा. एवढं स्वच्छ लिहिलेलं सरकारी काम मी फार कमी पाहिलंय.

म्हणजे प्रश्न 'अवघड की सोपा' हा नव्हताच. प्रश्न 'लागणारा की न लागणारा' हा होता. कुणी नुसतं शौर्य दाखवायला, शाखेशी संबंध नसलेला कठीण विषय घेऊन त्यात सी आणला, तर त्याची पाठ थोपटायला कुणी बसलेलं नाही. पण पुढच्या वाटेवर जो विषय लागणारच आहे, तो अवघड म्हणून टाळला, तर मागचे सगळे ए दुबळे पडतात. इंजिनिअर होऊ म्हणणाऱ्या मुलाच्या कागदावर कॅल्क्युलस अर्धवट आणि सिनेमाचा इतिहास उत्तम, हे वाचणाऱ्याला काय वाटेल?

तिसरी गोष्ट वेळेची. हे विषय जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. एक झाल्याशिवाय दुसऱ्यात बसू देत नाहीत. एक सत्र सोडलं तर दोन वर्षांची तीन होतात. आणि अर्ज नोव्हेंबरअखेरीस गेला म्हणून चालू सत्र झाकलं जात नाही. जानेवारीत त्या सत्राच्या ग्रेड विद्यापीठाला कळवाव्या लागतात आणि वसंत सत्रात कोणते विषय घेतले तेही. सोपं सत्र लपत नाही.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. माझं गणित बी.ए.च्या माणसाचं, पण हा हिशेब मला येत होता. समजा, दोन्ही कठीण विषयांत बी आला. पाच युनिटचे तीन-तीन गुणांनी पंधरा आणि पंधरा. बाकी तीन-तीन युनिटच्या दोन विषयांत ए, म्हणजे बारा आणि बारा. सोळा युनिटचे ५४ गुण. त्या सत्राचा आकडा ३.३८ च्या जवळ. ऐकून भाई म्हणाले, "बघ, मी सांगत होतो!" पण आधीच्या तीस युनिटचे १२० गुण त्यात मिळवा. एकूण ४६ युनिटचे १७४. भागाकार ३.७८. चारवरून ३.७८. भाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. चारचा मोह सुटला तर जे गमावायचं होतं ते एवढंच होतं. मिळवायचं होतं ते मात्र शाखेचं दार.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी मुलांना खड्ड्यात ढकलतोय असं होईल. लागणारा विषय घ्यावा, पण सगळे डोंगर एकाच सत्रात चढायला काढू नयेत. त्या पद्धतीत मधेच विषय सोडला तर कागदावर डब्ल्यू हे अक्षर उमटतं. जीपीएत ते धरत नाहीत, पण दिसतं. डी किंवा एफ आला तर विषय पुन्हा देता येतो. सी आला, तर तो सुधारायला पुन्हा परवानगी नाही; तो तसाच राहतो. म्हणून दोन कठीण विषयांच्या जोडीला दोन हलके ठेवणं हा पळपुटेपणा नव्हे. शिवाय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊपैकी सहा ठिकाणी, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, इथं ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए पुरा करणाऱ्याला हमीचा प्रवेश मागता येतो. त्या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्येच करायचा असतो. मात्र काही शाखा, विशेषतः मागणी असलेल्या, या हमीतून वगळलेल्या असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथं ही हमी नाही.

पुतणीनं दोन्ही कठीण विषय घेतले. कागदावर मांडलं होतं तसंच झालं, दोन्हीत बी. डिसेंबरात तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. "चाचा, चार गेले." मी म्हटलं, "गेले ते गेले, पण बेटा, भौतिकशास्त्र कळलं का?" ती म्हणाली, "कळलं. तेवढं मात्र कळलं."

२०२५ च्या एप्रिलमध्ये उत्तरं आली. ज्या ठिकाणाचं चित्र तिनं खोलीच्या भिंतीवर लावलं होतं, तिथून नकार आला. त्या रात्री ती जेवली नाही, असं भाभींनी सांगितलं. पण दुसऱ्या दोन ठिकाणांहून मेकॅनिकलला होकार होता आणि त्यातल्या एकात ती आता शिकते. तिच्याच वर्गातला एक मुलगा, चारपैकी चार टिकवलेला, तिसरं कॅल्क्युलस पुढे ढकलून बसला होता. त्याला अभियांत्रिकी कुठंच मिळाली नाही. मुलगा हुशार आहे. कम्युनिटी कॉलेजात आणखी एक वर्ष काढून तो ते विषय पुरे करायला थांबला. त्याचा जीपीए बघून शेजारीपाजारी अजूनही म्हणतात, "याला कसा नाही मिळाला प्रवेश?"

यात सगळं न्यायाचं आहे, असं मी म्हणत नाही. एकाच विषयाचे दोन प्राध्यापक असतात. एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. कागदावर दोघांचा बी सारखाच दिसतो. मुलं सोप्या प्राध्यापकाचा वर्ग पकडायला पहाटे उठून नोंदणी करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्याला दुकानात काम करून शिकायचं आहे त्याला ती निवड मिळत नाही. ज्या वेळेचा वर्ग जमेल तो घ्यावा लागतो. आणि सोप्या विषयांचा उलटा मारही त्या राज्यानं पाहिला आहे. पूर्वी चाचणीत कमी पडलेल्या मुलांना प्राथमिक गणिताच्या, इंग्रजीच्या वर्गांत बसवत. त्या वर्गांचं युनिट पुढे विद्यापीठात धरलं जात नसे. पायऱ्या चढता चढताच बरीच मुलं गळून जात. २०१७ मध्ये कायदा झाला, की मुलाला वर्षभरात विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या गणितापर्यंत आणि इंग्रजीपर्यंत पोचता येईल अशाच वर्गात बसवायचं. दया म्हणून दिलेला सोपा विषयसुद्धा कधी कधी वाट अडवतो, हे त्या राज्याला कायदा करून मान्य करावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. अशी वाट बदलण्याची सोय आपल्याकडेही आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून मुलं अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं आखातात लवकर नोकरी लागेल म्हणून पदविकेला जातात आणि मग त्यातल्या काहींना पदवीची ओढ लागते. गरिबाघरच्या मुलाला ही वाट फार मोलाची आहे. पण इथं गुणवत्ता यादी लागते ती पदविकेच्या टक्क्यांवर. आणि दुसऱ्या वर्षात बसल्याबरोबर गणिताचा तिसरा पेपर समोर येतो. बारावीवरून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर घासून काढलेले असतात. पदविकेच्या मुलानं ते पाहिलेलेही नसतात. शेजारचा एक मुलगा ८८ टक्के घेऊन गेला आणि त्याच गणितात तीनदा अडकला. दुसरा ७४ टक्क्यांचा, त्याच्या पसंतीचं कॉलेज त्याला मिळालं नाही. पण पदविका करतानाच तो संध्याकाळी एका मास्तरांकडे बारावीचं गणित शिकत होता. तो पहिल्या झटक्यात सुटला. त्या संध्याकाळच्या गणिताचा एकही मार्क कुठल्या यादीत नव्हता.

पुढे तर हा प्रश्न आणखी घराघरांत येणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मधेच थांबून पुन्हा शिकण्याची, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये क्रेडिटच्या बँकेचे नियम आले. मिळवलेलं क्रेडिट मुलाच्या खात्यात जमा राहतं आणि ते दुसरीकडे नेता येतं. मात्र जी संस्था पदवी देणार, तिथून निदान निम्मं क्रेडिट मिळवावं लागतं. कल्पना चांगली आहे. पण पैशाच्या बँकेत शंभराची नोट सगळीकडे शंभरचीच असते. विषयाचं तसं नाही. तीन क्रेडिटचं गणित आणि तीन क्रेडिटचा एखादा हलका विषय खात्यात सारखेच दिसतील. कुठला विषय पुढे कुठल्या शाखेला चालेल, कुठल्या संस्थेत तो कशाच्या तोडीचा धरतील, हे मुलाला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या 'असिस्ट'सारखी साधी, खुली यादी मराठीत कुणी करून ठेवली, तर खेड्यातल्या मुलीला त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज उरणार नाही.

गझल लिहिणाऱ्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. काफिया अवघड घेतला म्हणून शेर चांगला होत नाही, आणि मुशायऱ्यात त्यासाठी कुणी वाहवा करत नाही. पण ज्यानं आयुष्यभर सोपेच काफिये वापरले, त्याला एखाद दिवशी मनातलं अवघड दुःख मांडायचं झालं की शब्द सापडत नाहीत. ती मेहनत टाळी मिळवण्यासाठी करायची नसते. पुढे लागणार असते म्हणून करायची असते.

म्हणून आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. मूल विषय निवडायला बसेल तेव्हा त्याच्या शेजारी बसा. तुमचं शिक्षण कमी असलं तरी चालेल. वाचता येतं ना, तेवढं पुरे. तीन प्रश्न विचारा. हा विषय पुढे लागणार आहे का? तो आता घेतला नाही, तर नंतर कधी घेता येईल? आणि त्याच्या जोडीला या सत्रात आणखी काय काय आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली, की मग खुशाल अवघड विषय घेऊ द्या. दोन मार्क कमी पडले तर पडू द्या. त्या संध्याकाळी मुलाला जेवायला बोलवा आणि त्या विषयात काय शिकलास, ते त्याला सांगू द्या.